आंबलं का?

आमचं वऱ्हाड त्या काळी स्वतःच भाड्यानं दिलेलं होतं. मालक निजाम, भाडेकरू इंग्रज, आणि झाडलोटीचे हुकूम सुटायचे नागपुराहून. त्यामुळे मास्तरकी मिळाल्यावर अमरावतीत अंबागेटाच्या आत मी एक खोली भाड्यानं घेतली, तेव्हा मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. फरक एवढाच, की निजामानं इंग्रजाला कधी जीभ काढून दाखव म्हटल्याचं ऐकिवात नाही. माझ्या घरमालकांनी पहिल्याच सकाळी म्हटलं.

मी तांब्या-टॉवेल घेऊन विहिरीकडे निघालो होतो. ते पायरीवर बसले होते.

"मास्तर, जीभ काढा."

"काय?"

"जीभ, जीभ. आनली ना गावाहून? बाहेर काढा."

घरमालकाशी पहिल्या दिवशी वाद नको म्हणून मी काढली. वांगं किडकं आहे का पाहावं तसं त्यांनी माझं तोंड उन्हाकडे फिरवलं.

"रात्री भजे खाल्ले."

मी जीभ बाहेर ठेवूनच मान हलवली.

"झोप नाही आली. येनार कशी? जा, आंघोय करा."

त्या वाड्यातले सगळेच भाडेकरू रोज सकाळी अशी जीभ दाखवून विहिरीवर जात. बाजारात घरमालक मला भेटले, की नमस्काराला थंड प्रतिसाद देत. चेहरे त्यांच्या लक्षातच राहत नसत. एकदा मी वैतागून भर बाजारात जीभ काढली, तर एकदम उजळले. "अरे, मास्तर होय!" शाळेचे हेडमास्तर तिथंच कोथिंबीर घेत होते. ते मात्र मला तोंडावरून ओळखत. त्यांना काय वाटलं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

घरमालकांना आम्ही काकाजी म्हणत असू. घरचा धंदा फुलांचा. गावाबाहेर शेवंतीचा आणि झेंडूचा मळा, आणि पेठेत हारांचं दुकान. पण काकाजींचं फुलांकडे लक्ष नव्हतं. तरुणपणी ते घरातून पळून रंगूनला गेले होते आणि परत येताना शिसवी डबीत सुया घेऊन आले होते. त्या सुया ते माणसांना टोचत. दुखतं तिथं नाही, तिसरीकडेच. डोकं दुखतं म्हणून आलेल्याच्या हाताच्या अंगठ्याशेजारी, आणि कंबर धरलेल्याच्या गुडघ्यामागे. "नळ गळते स्वयपाकघरात, पर चावी असते अंगनात," असं ते म्हणत. अमरावतीत तेव्हा नळ फार थोड्या घरी होते, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते पटायचंच.

आता, हे सगळं मला आधी कोणी सांगायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही, म्हणून माझं जे झालं ते झालं.

माझी खोली आणि त्यांची बैठक यांच्यामध्ये एक फळ्यांची भिंत होती. पहिल्याच रविवारी दुपारी मी वह्या तपासत पडलो होतो, तर पलीकडून आवाज आले.

"आंबलं का?"

"नाई बा."

"थांब. थोडं खाली जाऊ दे. आता?"

"नाई... हां! आंबलं! आंबलं, काकाजी, चांगलंच आंबलं!"

"बस्स. आता हालू नको. पडून राय."

मी लाल पेन खाली ठेवलं. आंबवायच्या वस्तू माझ्या माहितीत दोनच. एक ज्वारीची आंबील. पण आंबील पिऊन कोणी पडून राहत नाही. दुसरी वस्तू मोहाची. थोड्या वेळानं मी दार किलकिलं करून पाहिलं. बैठकीतून एक पागोटेवाला बाहेर आला. डोळे अर्धे मिटलेले, चाल जरा तिरपी, चेहऱ्यावर जगाला क्षमा केल्याचं हसू. त्याच्यामागून दवण्याच्या धुराचा वास. म्हणजे वास लपवायचीही सोय होती! आबकारीवाले आले तर हातकड्यांत पहिला नंबर काकाजींचा आणि दुसरा शेजारच्या खोलीतल्या मास्तरचा.

मी थेट काकाजींच्या बायकोकडे, काकूंकडे गेलो. त्या ओसरीवर हार गुंफत होत्या.

"काकू, रागावू नका. पण घरात हे आंबवायचं काम बरं नाही."

"मी काय येगळं सांगून राहिली?" काकू म्हणाल्या. "पर हा मानूस आयकते कुठं!"

"तुम्हालाही माहीत आहे?"

"माहीत कावून नसन? माह्यावरच शिकले ना. रंगूनाहून आल्यावर पहिले मलेच आंबवलं."

मी खांबाला धरलं. "तुम्हीपण?"

"हो. मले गुडघ्यापासी लवकर आंबते."

गुडघ्यापाशी दारू कशी चढते याचा मी विचार करतो आहे, तेवढ्यात काकाजी बाहेर आले. मी बोलायला आलोच होतो, तेव्हा बोललो. कायदा, अब्रू, शाळा, मोहफूल, सगळं काढलं. काकाजींनी शांतपणे ऐकलं, आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकू हसल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "याइची सुई मानसं टोचते, माही सुई फुलं ओवते. घर माह्या सुईवर चालते, एवढं ध्यानात ठेवा मास्तर."

मग काकाजींनी मला समोर बसवून त्या शब्दाची गोष्ट सांगितली. रंगूनला भाताच्या गिरणीत पोती वाहता वाहता त्यांची कंबर धरली होती. गिरणीमागे एक चिनी वैद्य होता. तो सुई घालायचा आणि मोडक्या हिंदुस्थानीत विचारायचा, "खट्टा? खट्टा हुआ?" गिरणीतले हमाल साऱ्या मुलखांतून आलेले. एक म्हणायचा दुखतं, दुसरा म्हणायचा मुंग्या येतात. खट्टा काय ते कोणालाच कळेना; एकानं तर चिंच मागतो आहे समजून चिंच आणून दिली. काकाजींना सुई घातली, विचारलं, खट्टा? आणि काकाजी ओरडले, "हो! आंबलं!"

"कावून का," काकाजी म्हणाले, "दिवसभर ओझं वाहिलं का आपलं अंग काय होते? आंबते. थेच थे! सुई जागेवर लागली का असं जड जड, गोड गोड दुखते. चिन्याच्या बोलीत त्याले आंबटच म्हनतात. अंग आंबनारे लोक जगात दोनच, मास्तर. चिनी आन् आपन. इंग्रजाचं अंग फकस्त दुखते. त्याले किती टोचा, काही उपेग नाही."

त्या एका शब्दावर चिन्यानं त्यांना जवळ ठेवून घेतलं. काकाजींचं सगळं शास्त्र त्या शब्दावर उभं होतं. रोग्यानं 'आंबलं' म्हटलं की सुई खरी. नाही म्हटलं तर ती थोडी फिरवायची, थोडी खाली न्यायची, पुन्हा विचारायचं. आणि रोग्यानं खोटं बोलायचं नाही, एवढी एकच अट.

नेमकं तिथंच माझं अडलं.

गोष्ट संपली तसे ते माझ्याकडेच वळले. आधी त्यांनी माझ्या दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मग विचारलं, स्वप्नात पाणी दिसतं का, राग आला तर कोणावर काढता, पहाटे उठता की उठवावं लागतं. मी म्हटलं, "काकाजी, मला काहीच होत नाही हो." ते म्हणाले, "म्हनूनच पाहून राहिलो. काही होत नाही असं म्हननाराले लई होत असते." मग मला चटईवर निजवलं. काकूंच्या पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळलेली सुई काढली. केसापेक्षा जाड, टाचणीपेक्षा बारीक. माझ्या पायाजवळ आणली.

"आंबलं!" मी ओरडलो.

"अजून टोचली नाही, मास्तर."

मग टोचली. खरं सांगायचं तर मुंगी चावल्याएवढंही झालं नाही. पण आता ती खाली जाणार या भीतीनं मी दर श्वासाला 'आंबलं, आंबलं' म्हणत सुटलो. काकाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विहिरीत पडलेली बादली गळाला लागली की दोराला जसं कळतं, तसं त्यांच्या बोटांना सुईतून कळत असे. "ही खोटी," ते म्हणायचे. "ही पन खोटी." आणि मग एकदम पोटरीत आतून काहीतरी जड, गोड, आंबट असं भरत गेलं, आणि मी बोलायचंच विसरलो. काकाजी म्हणाले, "ही खरी." मला झोप लागली. उठलो तेव्हा माझ्याही चेहऱ्यावर तेच जगाला क्षमा केल्याचं हसू होतं म्हणे.

सुया लावल्यावर ते वाळलेल्या दवण्याची गोळी पेटवून कातडीपासून दोन बोटं दूर धरत, नुसती ऊब लागेल अशी. चिन्याकडे दुसरा पाला होता. तो इथं मिळेना म्हणून घरच्या मळ्यातला दवणा. लोकांना आधी वाटे हे कातडी जाळून डाग देतात. मेळघाटाकडून आलेला एक म्हातारा तर डाग दिला नाही म्हणून रुसून गेला. गावातला नावाजलेला एक पहिलवान खांदा दाखवायला आला आणि सुई पाहूनच आडवा झाला. काकाजी म्हणाले, "चला, निजवाची मेहनत वाचली," आणि त्या अवस्थेतच त्याचा खांदा उरकून घेतला. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "टोचा आता." काकाजींनी त्याला जीभ काढायला लावली आणि घरी पाठवलं.

कोणाला गुण येई, कोणाला नाही. नाही आला तर ते लपवत नसत. रोग्यापेक्षा जास्त दिवस तेच कण्हत फिरायचे.

आता माझ्या लग्नाकडे येतो. म्हणजे उचकीकडे.

अकोल्याला माझे मामा राहत. त्यांच्या शेजारी भाजीचा मळा असलेलं एक घर होतं. एकदा मी मामांकडे गेलो असता त्या घराच्या दाराशीच सायकलवरून पडलो. त्या घरातली मुलगी बाहेर आली. हसली नाही. पाण्याचा गडू दिला, सायकल उभी करून दिली, आत गेली, आणि मग हसली. ते हसणं मला भिंतीतून ऐकू आलं. तिथंच माझं ठरलं. मामांनी शब्द टाकला. पण त्या घरची माणसं दुधानं पोळलेली होती. तिचं आधीचं जमत आलेलं लग्न मोडलं होतं, कारण तो मुलगा दुसरीकडे कुठं तरी गुंतलेला निघाला. तेव्हापासून तिची आत्या ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पीत होती. तरी अखेर बोलावणं आलं.

आणि आलं त्याच संध्याकाळी मला उचकी लागली.

रात्र गेली, ती थांबेना. शाळेत शुद्धलेखन सांगताना मी दर वाक्यात उचकत होतो. वह्या तपासल्या तर निम्म्या पोरांनी जागच्या जागी 'उक्' लिहिलं होतं आणि त्याचा पाय मोडायलाही विसरली नव्हती. साखर खाल्ली. नाक दाबून पाणी प्यालो. सुईच्या भीतीनं काकाजींना मात्र टाळलं. एका भाडेकरूनं मागून "साप!" म्हणून ओरडून पाहिलं, मी उडी मारली ती काकूंच्या झेंडूच्या पाटीत, आणि तिथं बसूनही उचकलो.

आपल्याकडे उचकी म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे. कोणीतरी आठवण काढतंय. एकेकाचं नाव घ्यायचं, आणि बरोबर नाव आलं की उचकी थांबते. आणि मी जाणार होतो कुठं, तर जिथं 'याची आठवण कोण काढतंय' हाच एक प्रश्न आ वासून बसला होता तिथं!

माझे वडील अंजनगावला. वांग्यांना पाणी देण्याच्या नादात ते स्वतःच्या लग्नालाही उशिरा पोचले होते, असं आई सांगायची. त्यांनी निरोप दिला, घरमालकांना वडीलधारे म्हणून घेऊन जा. म्हणून काकाजी निघाले. बडनेऱ्याला गाडीत बसताना मी पाया पडलो.

"काकाजी, उक्, काहीतरी करा. ही मुलगी, उक्, गेली तर मी..."

"गाडीत सुई नाही लावत मी. हालते. तिथं बसल्यावर पाहू."

अकोल्याला सतरंजीवर बसलो. एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला काकाजी. समोर मुलीचे वडील आणि आत्या. मुलगी चिवड्याच्या बशा ठेवून गेली आणि दाराआड उभी राहिली. पडद्याखाली तिची पावलं दिसत होती.

"उक्," मी म्हणालो.

आत्यांनी मान वर केली. "कोन आठवन काढून राह्यलं जी, पोराची?"

"आई असेल," मी म्हणालो. "उक्."

"आई नव्हे. बाप?"

"बाप वांग्याले पानी देऊन राह्यला," मामा म्हणाले. "थो काय आठवन काढते!"

"उक्."

"बहीन?"

"उक्."

"शाळेतले पोट्टे?"

"उक्."

तेवढ्यात माझ्या कोटाच्या बाहीत काहीतरी शिरलं. काकाजींनी उपरण्याआड माझं मनगट धरलं होतं. ते चेहरा अगदी सरळ ठेवून मुलीच्या वडिलांना पावसाबद्दल विचारत होते आणि बोटांनी आत सुई फिरवत होते.

आत्यांनी डोळे बारीक केले. "मंग... एखादी पोरगी असन."

मी उचकलो नाही.

सगळे थांबले. मी थांबलो. उचकी थांबली. एवढे तास ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण आला, आणि मला घाम फुटला.

"लागली!" काकाजी आनंदानं ओरडले. "बरोब्बर जागेवर लागली!"

"हो, बरोब्बर जागेवर लागली," आत्या म्हणाल्या, आणि चिवड्याची बशी माझ्यापुढून उचलली.

मामांनी कपाळाला हात लावला. मग कुठं काकाजींच्या ध्यानात आलं. त्यांनी माझी बाही वर सारली आणि मनगटात उभी असलेली सुई सगळ्यांना दाखवली. "अवो बाई, उचकी सुईनं थांबली. पोरगी-बिरगी काही नाही."

"पोराले सुई टोचून आनला?" मुलीचे वडील म्हणाले.

"इथंच टोचली," काकाजी म्हणाले, जणू त्यानं प्रकरण सुधारत होतं.

"पोरीचं नाव काढलं तवाच बरी थांबली," आत्या म्हणाल्या. "एकडाव फसलो आमी. आता नाही."

शपथ घेतली तर तीही त्या पहिल्या मुलानं घेतली असणार. एवढ्यात पडद्याआडून आवाज आला.

"सुई काढून पाहा ना मंग. उचकी वापस आली तर सुई खरी. नाही आली तर आत्या खरी."

हे सगळ्यांना पटलं. काकाजींना तर फारच पटलं. हुशार पोरगी, असं त्यांनी दोनदा म्हटलं. त्यांनी सुई काढली. सगळे माझ्या गळ्याकडे पाहत बसले. मी उचकीची जितकी आळवणी केली तितकी देवाचीही कधी केली नाही. ये बाई. एकच. ती हट्टी बया, सापाला भ्याली नव्हती, साखरेला भुलली नव्हती, ती आता गेली ती गेलीच.

पडद्याखालची पावलं वळायला लागली. मी घाबरलो, आणि काढली.

"उक्!"

"आली!" मामा ओरडले.

"ही खोटी," काकाजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे जे पाहिलं ते घरमालकाकडे पाहायचं पाहणं नव्हतं.

"खोटीच हाय," ते शांतपणे म्हणाले. "खरी पोटातून येते. ही गळ्यातून काढली. मास्तर, असं करू नका, मले काही समजत नाही मंग."

मी खाली मान घातली. कान इतके तापले की त्यावर दवणा पेटला असता. आणि मग पडद्याआडून ते हसणं आलं. भिंतीतून ऐकलं होतं तेच, आता नुसत्या कापडातून. ती थांबेचना. शेवटी आत्याच ओरडल्या, "काय झालं व?"

"आत्या," ती म्हणाली, "ज्याले साधी उचकी खोटी काढता येत नाही, थो पोरगी काय लपवून ठेवन?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकाजींकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं, या वेळी जरा कीव आल्यासारखं. मग आत वळून म्हणाल्या, "साखर आना."

"नको, नको," मी घाईनं म्हणालो, "थांबली आता उचकी."

मामांनी मला कोपरानं असं ढोसलं, की मला पुन्हा उचकी लागायची. साखर तोंड गोड करायला मागवली होती हे मला ती तोंडात पडल्यावर कळलं.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून कारण नसताना हसत होतो. काकाजी समोरच्या बाकावर तोंड पाडून बसले होते. मूर्तिजापूर गेल्यावर मी विचारलं.

"काकाजी, काय झालं? जमलं ना सगळं!"

"तुमचं जमलं. माह्यं कुठं जमलं?" ते म्हणाले. "सुई काढली तरी उचकी आली नाही. मंग सुईनं थांबली, का बाईच्या बोलन्यानं थांबली, का आपल्या मनानं थांबली? कसं समजाव?" ते पुढं वाकले. माझं मनगट हातात घेतलं. "मास्तर, एक फकस्त खरं सांगा. सुई होती तवा आंबलं होतं का?"

माणसानं आपल्यासाठी एवढं केलं. खरंच सांगावं म्हणून मी डोळे मिटून आठवायला लागलो. सतरंजी आठवली. पडदा आठवला. पडद्याखालची ती पावलं, आणि उजव्या पायाचा अंगठा, जो आत्यांच्या प्रत्येक प्रश्नाला जमिनीवर दाबला जात होता, तोही आठवला. मनगट काही आठवेना.

"काकाजी," मी म्हणालो, "ती दाराशी उभी होती हो. मी हाताकडे लक्षच दिलं नाही."

त्यांनी मग माझा हात उचलून माझ्याच मांडीवर परत ठेवला.

"लग्नच करा तुमी, मास्तर," ते म्हणाले. "औषधाच्या कामाचे नाही तुमी."